डेलची चार रिकामी मिनिटं

डेल गेल्याचं मला कळलं, त्याच्या दोनच मिनिटं आधी मी त्याच्या टपालपेटीत एक तक्रारपत्र टाकलं होतं. वोल्फ्सबुर्गच्या आमच्या इमारतीत जिना पुसायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जाते. तळमजल्यावरच्या डेलने आपली पाळी चुकवली होती, आणि बावीस वर्षं इथे काढून मी जर्मनांपेक्षा चार बोटं जास्तच जर्मन झालेला असल्यामुळे त्याला लेखी कळवायचं ठरवलं. जिन्यावरचा चिखल बहुतेक माझ्याच बुटांचा होता, ही गोष्ट वेगळी. व्याकरण मुलीकडून तपासून घेतलं, पत्र पेटीत सोडलं आणि वळलो, तर मागे पहिल्या मजल्यावरच्या फ्राऊ क्र्यूगर उभ्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की हेर डेल मंगळवारी इस्पितळात वारले. हृदय. दहा दिवस तिथेच होते, तुम्हाला माहीत नव्हतं का? मला माहीत नव्हतं. मी वर धावलो, पोळ्या शेकायचा चिमटा घेऊन खाली आलो आणि पेटीच्या फटीतून ते पत्र बाहेर काढायच्या खटपटीला लागलो. एकदा कोपरा पकडीत आला आणि सुटला. फ्राऊ क्र्यूगर पिशवी जमिनीवर ठेवून सगळं बघत होत्या. पत्र काही निघालं नाही.

डेल आणि आम्ही अकरा वर्षांचे शेजारी. आम्ही या घरात आलो त्याच आठवड्यात बेल वाजली. दारात सव्वासहा फुटांचा माणूस, पांढरी वेणी, विटलेला काळा टी-शर्ट, हातात पेटीसारखं एक छोटं यंत्र. कुकरच्या शिट्ट्यांची तक्रार घेऊन आला असणार अशी माझी खात्री होती, म्हणून त्याने तोंड उघडण्याआधीच मी माफी मागून टाकली. तर तो अमेरिकन इंग्रजीत अगदी नम्रपणे विचारतोय, तो आवाज पुन्हा काढता येईल का? बायकोने, नीलिमाने, त्या दिवशी गरज नसताना दुसऱ्यांदा डाळ लावली. डेल ओट्याशी वाकून, श्वास रोखून तीन शिट्ट्या टिपत उभा राहिला आणि मग दोन्ही डाळी जेवून गेला. त्यानंतर बहुतेक दर शनिवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला असे. तिखट लागलं की टेबलावर बोटांनी ताल धरायचा, पण पाण्याला हात लावायचा नाही.

तो एकेकाळी थोडाफार प्रसिद्ध होता हे आम्हाला लेकीकडून कळलं. ईराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. तिने एकदा फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, ‘पापा, दास इस्ट डेल,’ म्हणजे हा आपला डेल. पडद्यावर पंचविशीतला एक उघडाबंब मुलगा साखळीने तेलाचं पिंप बडवत होता, मागे कुणीतरी पत्र्यावर ग्राइंडर चालवून ठिणग्या उडवत होतं आणि समोर हजारभर माणसं वेड्यासारखी उड्या मारत होती. मी म्हणालो, आमच्या भोसरीत याला फॅब्रिकेशन म्हणतात. ईराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला जर्मनमध्येही शब्द नसावा. या प्रकाराला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात, हे ज्ञान मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मिळालं.

डेल ओहायोतल्या एका पोलादाच्या गावातला. वडील तिथल्या कारखान्यात पत्रे दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसवर होते. एका शनिवारी, भाताचा शेवटचा घास संपवता संपवता त्याने सांगितलं... ‘कारखाना बंद पडला त्या सकाळी आमच्या फडताळातल्या कपबशा थरथरायच्या थांबल्या. मी जन्मल्यापासून त्या थरथरत होत्या. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं?’ पुढे सहा महिन्यांत अर्धं गाव रिकामं झालं. डेल आणि त्याच्या दोन मित्रांनी भंगारात निघालेले पत्रे, साखळ्या, पिंपं गोळा केली आणि बंद गोदामात वाजवायला सुरुवात केली. अमेरिकेत लोकांनी त्यांना मारायचंच काय ते बाकी ठेवलं. जर्मनीत मात्र माणसं यायला लागली, म्हणून ते इथे आले. दोन रेकॉर्ड चालल्या, तिसरी पडली. गाणारा मित्र व्यसनात गेला, दुसरा परत जाऊन इन्शुरन्स विकायला लागला. डेल आंकेशी लग्न करून तिच्या गावी, म्हणजे आमच्या या मोटारींच्या निवांत शहरात आला. लग्न मोडलं, गाव राहिलं. मग शाळेतल्या मुलांना ड्रम शिकवणं, नगरपालिकेच्या समारंभांना माइक लावून देणं. महापौरांच्या भाषणाच्या आधी ‘वन टू, वन टू’ म्हणणारा तो आवाज कुणाचा आहे, हे त्या सभागृहात कुणालाच माहीत नसे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डेल टेबलाशी बसला होता, कुकरची शिट्टी झाली, आणि त्याने मान वर केली नाही. दुसरी झाली. तो कोशिंबीर खात राहिला. नीलिमाने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याच्या जगकडे. आयुष्यभर लोखंडाशेजारी उभं राहिल्याचा हिशेब कानांनी पुरा केला होता. वरच्या पट्टीतले आवाज आधी गेले, मग माणसांच्या बोलण्यातले काठ गेले. तरी तो खाली एका नव्या रेकॉर्डवर काम करत होता, ही शेवटची असं म्हणत, आणि ऐकू येत नसल्याने स्पीकरच्या जाळीला तळहात लावून.

त्या रेकॉर्डसाठी त्याला अजून एक, दहावा तुकडा हवा होता. मी ज्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो तिथे मोटारींचे सुटे भाग बनतात. गावाबाहेर आमचा छोटा कारखाना आहे आणि त्यात एक खूप जुनी प्रेस होती, त्याच्या वडिलांच्या प्रेससारखीच. मीच कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं, की ती चालू असली की माझ्या कॉफीत वलयं उठतात. डेलने चमचा खाली ठेवला. म्हणाला, ‘मला तिच्याजवळ अर्धा तास उभं राहू दे, सुहास. ती मला पायांतून ऐकू येईल. दुसरं आता धड काही येत नाही.’

आता आमच्याकडे रेकॉर्डिंगला सक्त मनाई. दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. वेणीवाल्या रॉकवाल्याला आत न्यायचं म्हणजे माइस्टरला, तिथल्या प्रमुख फोरमनला, विचारायला हवं. आणि मला माइस्टरची भीती वाटते. चार इन्क्रिमेंट झाली, नागरिकत्व मिळालं, तरी वाटते. त्यामुळे मी तेच केलं जे आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलंय. आमच्यात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. लग्नाचं स्थळ असो की उसनं पातेलं, ‘बघतो’ म्हणायचं आणि विषय आपोआप मरू द्यायचा. समोरचाही आपल्यातला असला तर दोन वेळा विचारून समजून घेतो आणि कुणाचंच मन मोडत नाही. मी डेलला म्हणालो, बघतो. डेल ओहायोचा. त्याला वाटलं, मी बघतोय.

तो थांबला. जिन्यात भेटला की फक्त भुवया उंचावायचा. मी म्हणायचो, माइस्टर सुट्टीवर आहे. मग, ऑडिट चालू आहे. मग एका शनिवारी त्याच्या ताटात वरण वाढताना मी म्हणून गेलो, विचारलंय, उत्तराची वाट बघतोय. मी कुणालाही विचारलेलं नव्हतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं वजन होतं. गेल्या मे महिन्यात ती प्रेस सोडवून तुकड्यातुकड्यांनी भंगारात गेली, मी खिडकीतून ट्रक पाहिले. डेलला सांगितलं नाही. पुढे तर मी गाडी लावून मागच्या दाराने वर जायला लागलो. तो दहा दिवस इस्पितळात असल्याचं मला माहीत नव्हतं ते त्यामुळेच... भुवया दिसल्या नाहीत म्हणून मला हायसं वाटत होतं.

अंत्यविधीला आम्ही आठ जण होतो. त्यानंतरच्या आठवड्यात आंकेने, त्याच्या पूर्वीच्या बायकोने, मला खाली बोलावलं. ती त्याचं घर आवरत होती, घरमालकाला भिंती पांढऱ्या करून हव्या होत्या. तिने लॅपटॉप उघडला. नऊ तुकडे पूर्ण होते. दहाव्याच्या जागी चार मिनिटांची रिकामी पट्टी, आणि तिला त्याने नाव दिलं होतं: ‘प्रेस. सुहास आणणार.’ आंकेने ती चालू केली. का केली कोण जाणे. आम्ही दोघं चारही मिनिटं उभे राहिलो. मग तिने विचारलं, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल ना? ते बसवलं की पूर्ण होईल, मी ती प्रसिद्ध करीन. आणि मी, पन्नाशी ओलांडलेला, दोन भाषांत कर भरणारा माणूस, काय म्हणालो असेन? म्हणालो, बघतो.

दुसऱ्या दिवशी मात्र गेलो माइस्टरकडे. सरळ सगळं सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. ‘हं, प्रेस तर आता नाही. पण तेव्हा विचारलं असतंत तर काय अडचण होती? एक फॉर्म, हेल्मेट, कानांना संरक्षक. मीच उभं केलं असतं त्यांना तिथे.’ आणि तो पुढच्या कामाला लागला. एवढंच होतं ते. तीन वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंच होतं.

गाडीतूनच आंकेला फोन केला. रेकॉर्डिंग नाही, कधीच नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, दहावा तुकडा लागणार म्हणून डेलने उन्हाळ्यात एका छोट्या कंपनीला रेकॉर्ड द्यायचं थांबवलं होतं, आणि आता त्या लोकांचं मन बदललंय. त्यात माझ्यासाठी रागाचा एक शब्दही नव्हता. राग असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं.

घरी येऊन नीलिमाला सगळं सांगितलं, ‘विचारलंय’ या शब्दासकट. ती टेबलावर मेथी निवडत होती. मी माझी बाजू मांडली, अजूनही मांडतो. म्हणालो, तोंडावर नाही म्हटलं असतं तर किती वाईट वाटलं असतं गं त्याला, त्या वयात, त्या कानांनी.

नीलिमाने जुडीची दोरी सोडवली आणि मान वर न करता म्हणाली, ‘वाटलं असतं वाईट. मग त्याने दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.’