लिंबाखालचा दगड

किस्से शोधायला निघालं की एक सापडत नाही. बायकांसाठी क्लास काढा, ठेवायला जागा पुरत नाही!

अमेरिकेतलं शिक्षण संपवून घाटनांदूरला परतलो तेव्हा वाटलं होतं, मी सांगेन आणि गाव ऐकेल. आत्याच्या ओसरीवर दुपारचा क्लास सुरू केला. अक्षरं शिकवायची आणि मधूनमधून तिकडच्या गोष्टी सांगायच्या.

महारवाड्यातली भागा पहिल्याच दिवशी आली. मी म्हणालो, "वर ये, ओसरीवर बस." त्याबरोबर निम्म्या बायका पदर सावरून उठल्या! भागाच म्हणाली, "राहू द्या मास्तर, तुमचा क्लास मोडायला नगं." आणि अंगणातल्या लिंबाखाली दगडावर जाऊन बसली. तिला त्या दगडावरून ओसरीवर आणायचंच, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

*

एकदा तावातावाने सांगत होतो, "अमेरिकेच्या दक्षिणेला काळ्या माणसांचा रेल्वेचा डबा वेगळा! तिकीट सारखंच, पण गोऱ्यांच्या डब्यात पाय ठेवायचा नाही. त्याविरुद्ध ते लोक भांडताहेत."

ओसरी हळहळली. आत्या म्हणाली, "मान्सं हायेत का कोन ती!"

लिंबाखालून आवाज आला, "म्हंजी मास्तर, तिकडंबी महारवाडा हाय. फकस्त चाकावर हाय!"



*

मग स्वतःचं पूर्ण नाव लिहायचा धडा आला. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येणार, आणि ते उच्चारायचं कुणी? सगळ्या अडल्या.

सरूबाई पाटलीण मोठ्या धीट. त्या म्हणाल्या, "तोंडानं घेत न्हाई, पर लिवायला कुनाची बंदी हाय?" त्यांनी घरी जाऊन चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने पाटलांचं नाव काढलं, चांगलं हातभर!

पाटील जेवायला बसले. अक्षरओळख नाही, कागदावर अंगठा उठवणारे. "हे काय लिवलं गं?"

"मला सांगता येत न्हाई," सरूबाई भाकरी वाढत म्हणाल्या, "तुमीच वाचायला शिका!"

*

आमच्या संस्थानात सरकारी परवानगीशिवाय चार माणसं जमवायची सोय नव्हती. एके दुपारी पोलीस अमीन, म्हणजे ठाण्याचे फौजदार, दारात उभे. "क्या जलसा चल रहा है?"

आत्या शांतपणे म्हणाली, "भजन हाय साहेब."

"तो गाओ!"

आत्याने डोळे मिटून जात्यावरच्या ओवीची चाल धरली. आदल्याच दिवशी मी न्यूयॉर्कमधलं, मताच्या हक्कासाठी निघालेलं बायकांचं प्रोसेशन सांगितलं होतं.

"सातासमुद्रापार बाया निघाल्या रस्त्यात,
राज्य कोनाचं सांगाया चिठ्ठी घेऊन हातात!"

बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. अमीनसाहेब मान डोलावत राहिले. "बहोत खूब! किस संत का है?"

"संतीन हाय साहेब," आत्या म्हणाली. "लई लांबची!"

*

तिकडच्या बायकांना व्होट मिळालं, मग आपणही मत घेऊन बघू, असं ठरलं. विषय एकच, भागाने ओसरीवर बसावं का? हो असेल तर मडक्यात ज्वारीचा दाणा, नको असेल तर खडा. भागाचं मत घ्यायचं की नाही, यावरच आधी भांडण! सरूबाई गरजल्या, "जिचा निवाडा तिलाच कावून वगळता?"

भागाने मडक्याला हात न लावता दाणा वरून सोडला.

मडकं उपडं केलं. खडेच जास्त! मी डोक्याला हात लावून बसलो. भागा मात्र वाकून दाणे बघत होती.

"कावून तोंड पाडलं मास्तर? एक दाना माजा. बाकीचे माजे न्हाईत की!"

*

आणि मग तो दिवस. पाटलांकडे अचानक पाहुणे येणार होते आणि त्यांचं जातं पाथरवटाकडे टाकी लावायला दिलेलं. सरूबाई ज्वारीचं टोपलं घेऊन क्लासलाच आल्या. ओसरीच्या कोपऱ्यातल्या आमच्या जड जात्याला दोघी लागतात. आत्याचा हात आखडलेला. सरूबाईंनी एकेकीकडे पाहिलं. सगळ्या पाटीत डोकं घालून बसलेल्या!

"भागे, वर ये. खुंट्याला हात लाव."

भागा पायरीशी थबकली. "पाटलीनबाई, पीठ तुमच्या घरात जानार."

"मंग काय जात्यात ठिवायचं हाय?"

भागा वर आली. एका खुंट्यावर दोघींचे हात. जातं फिरलं. उठून मात्र कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लास भरला आणि पाटील स्वतः अंगणात! भागा ओसरीवर, सरूबाईंच्या शेजारी.

"काल माज्या घरचं पीठ कुनी दळलं?"

भागा उठायला लागली. सरूबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. "आमी दोघींनी."

पाटलांनी ओसरीवर नजर फिरवली. सगळी ओसरी बायकांनी भरलेली. माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश लिंबाकडे गेले, दगडावर बसले, पटका काढून मांडीवर ठेवला.

"मास्तर, एक पाटी द्या हिकडं. त्या चुलीमागच्या भिंतीवर काय लिवलंय ते मला बघायचं हाय."