नोवु म्हणजे नऊ नव्हे

गाडीनं मिरज सोडलं तशी चिमीनं मला बजावलं, "बाबा, 'दुखणार नाही' असं म्हणायचं नाही." मी नेमकं तेच म्हणणार होतो. आदल्या वर्षी गावात तिच्या लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन झालं, तेव्हा 'मुंगी चावल्याइतकंच' असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं. पोरगी रडरड रडली आणि 'लहान मुलं रडायचीच' म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आता लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढत होती, म्हणून बंगळूरला दुसरं ऑपरेशन. तिची आई बाळंतीण, तेव्हा माझ्यासारख्या भित्र्याला निघावं लागलं.

बंगळूर मात्र पाहताक्षणी आवडलं. हवेत गारवा, रस्त्यांवर झाडांची दाट सावली. रिक्षावाला "स्वल्प मुंदे" (थोडं पुढे) म्हणत इतका पुढे गेला, की चिकपेटेच्या बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये अडकला. हॉस्पिटल केव्हाच मागे पडलं होतं! तिथंच इडल्या हाणल्या. सांबारात गूळ! मला तो आमच्या सांगलीकडच्या तिखटाचा अपमान वाटला. चिमीनं आणखी एक वाटी मागून घेतली.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या निघाल्या. "हे बघा अण्णा, ती झोपली की माकडहाडाच्या जरा वर एक इंजेक्शन देणार. कमरेखालचं बधिर होतंय. जागी झाली तरी रात्रीपर्यंत कळ स्वल्पच. सरी (बरं)?" मग चिमीकडे वळल्या. "दुखेल तेवढी बोटं दाखव. लई दुखलं तर दहा."

"आणि नाही दुखलं तर?"

"मूठ."

ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी चिमीनं डोळे उघडले. नर्सनं वाकून विचारलं, "नोवु?" चिमीनं शांतपणे सात बोटं वर केली.

नर्स धावत सुटली. पुन्हा तेच! मी मनातल्या मनात देवाला नको नको ते बोललो. डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या. "कुठं दुखतंय गं?"

"कुठंच नाही. पाय झोपलेत नुसते. पण ह्या मला नऊ वर्षांची म्हणतात. मी सातचीच आहे."

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. कन्नडात नोवु म्हणजे दुखणं! नर्सला कळलं तशी तिनं चिमीचा गालगुच्चा घेतला. मी हसता हसता रडलो, लपवलंही नाही.

औषध उतरू लागल्यावर चिमीनं दोन बोटं दाखवली. कोणी 'एवढंसं तर आहे' म्हटलं नाही, लगेच औषध दिलं. ती झोपली.

घरी पोचलो तेव्हा तिची आई पदरानं डोळे पुसत दारात उभी. "फार दुखलं का गं?"

"थोडं. पण तिथं विचारतात. आणि सांगितलं की खरं मानतात."

बंगळूरहून आणलेला म्हैसूरपाक उघडायचं कोणाला सुचलं नाही. हिनं चिमीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मागच्या वेळचं सांग. किती दुखलं होतं?" चिमी सांगू लागली.