जिभेवरचा बांबू

शिड्या करणारी आक्का बांबू आधी चाखायची आणि मगच कापायची. गल्लीत तिला 'चाखणी' म्हणत. हसा खुशाल, पण त्यात अक्कल होती. बांबूच्या दोन जाती अगदी चुलत भावंडांसारख्या: उंची तीच, रंग तोच, पेरंही तशीच. कपची चघळली की एक कडू लागे, दुसरी गुळमट. कडव्याला कीड तोंड लावत नाही, गोड्याला सोडत नाही. गोड्याच्या टोपल्या विणाव्यात, त्यावर माणूस चढवू नये, हा तिचा कायदा.

त्या दिवशी रंगारी जावई नवी शिडी न्यायला आला. शिडी दिरानं केली होती, वर हिरवा रंग चोपडून.

"शिडीला कशाला नटवलंत भाऊजी?" आक्कानं विचारलं.

"शोभेला, वहिनी."

आक्कानं पायरीवरचा रंग खरवडला, कपची काढली आणि दाढेखाली धरली. गुळमट! वर जिभेवर काहीतरी वळवळलं. "थू!" भुशात लडबडलेली पांढरी, लठ्ठ अळी अंगणात पडली. आक्कानं चूळ भरली, पुन्हा भरली, पदरानं जीभ पुसली. शिसारी काही जाईना.

जावई भिडस्त. "असू द्या आई, काकांनी मायेनं केलीय. सांभाळून चढेन."

"तीन मजले सांभाळून पडणार का? माझी लेक तुमच्या पदरात आहे!"

दीर दात कोरत म्हणाला, "एवढं काय त्यात? हा गोडा रानात कुंपणालाच उभा होता, आणायचे कष्ट नाहीत. आणि दोन्ही भाऊच की!"

"भाऊच! तुम्ही आणि हे, एकाच आईचे. ह्यांनी जन्मभर डोंगर चढून कडवा आणला. तुम्ही किडीला रंग फासून पोरीच्या नवऱ्याच्या पायाखाली देताय. अळीची नाही इतकी तुमची किळस येतेय मला!"

तिनं कुऱ्हाड घेतली आणि शिडीचे तुकडे न्हाणीच्या चुलीत कोंबले. जावयाला माळ्यावरची नवऱ्याच्या हातची जुनी शिडी काढून दिली. तीसुद्धा आधी चाखून, हो!

दीर आंघोळीला बसला. चुलीत एकेक पेर तापून फटाफट फुटू लागलं. प्रत्येक आवाजाला त्याच्या हातातला तांब्या उडे. बाहेर आक्का अजून चूळच भरत होती.