दोन बोटं समास

दाभणकाकू रोज कामाला बसण्याआधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून दाभण एकदा फिरवायच्या. मग ते कागदात कसं सरसर जायचं. कोर्टाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, बावीस वर्षं त्या खटल्यांच्या कागदांचे गठ्ठे शिवत होत्या. वर तावातावाने भांडणारे वकील त्यांच्यापुढे शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहायचे.

त्या वर्षी विद्यापीठातल्या राखीव जागांवर खटला उभा राहिला. काकूंच्या भाचीला अशाच एका जागेवर प्रवेश मिळालेला. निकालापर्यंत तो टांगणीला. तिची भरलेली बॅग तीन महिने दारातच होती. येता-जाता सगळ्यांना ठेच लागायची, पण ती आत उचलून न्यायला कुणाचा हात धजत नव्हता.

सुनावणीच्या आदल्या दुपारी, राखीव जागांना विरोध करणाऱ्या बाजूचा चारशे पानांचा गठ्ठा काकूंनी शिवून संपवला. डबा घेऊन आलेली भाची शेजारीच बसली होती. पानं चाळता चाळता काकूंचा चेहरा उतरला. टाका फार आत पडला होता. एका तक्त्याची डावी कड शिवणीत गडप! गुणांचे आकडे दिसत होते, पण कुठल्या वर्षाचे, ते कळायला मार्ग नव्हता.

"मावशी, राहू दे ना तसंच," भाची हळूच म्हणाली. "त्यांचाच तर तक्ता आहे."

"तक्ता त्यांचा, पण टाका माझा ना?"

"आणि माझी जागा?"

"ती हवीच आहे गं. पण मावशीच्या दोऱ्यावर टिकली, असं कुणी म्हणायला नको." काकूंनी कात्री उचलली. "तोंड फुगवून झालं असेल तर पानं धर."

दोघी उठल्या तेव्हा सात वाजले होते.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. जागा कायम! विरोधी बाजूचे जाडे वकील धापा टाकत जिना उतरून आले.

"काकू, कसला सुबक शिवलात हो गठ्ठा! न्यायाधीशांनी नेमकं त्या तक्त्यावर बोट ठेवलं. राखीव जागांवरची मुलं पहिल्या वर्षी मागे, शेवटच्या वर्षी बरोबरीला. म्हणाले, मग तक्रार कसली?"

"पुढच्या खेपेला वाईट शिवू का?"

वकीलसाहेबांना हसू आवरेना.

सोमवारी बॅग एकदाची दारातून हलली. बसच्या खिडकीतून काकूंनी डबा आत दिला. बस सुटली, तशा त्या चार पावलं तिच्यामागे धावल्या.

"वहीत डावीकडे दोन बोटं समास सोड गं!"