माइकसमोर मृणाल

मृणाल जॅझ पियानो वाजवायची, तेव्हा आम्हाला तिचा उजवा गालच दिसायचा. पियानोवाले श्रोत्यांकडे तोंड करून बसतातच कुठे? आता तिनं पियानो सोडून स्वतः लिहिलेल्या साध्यासुध्या गाण्यांचा अल्बम काढला. काल प्रकाशनाला ती माइकसमोर उभी राहिली. बोटं बिचारी ओढणीवरच पट्ट्या शोधत होती. पहिलं कडवं संपलं, ती आमच्याकडे बघून हसली आणि डाव्या गालावर खोल खळी पडली. माझा जीव भांड्यात पडला. आवडतं माणूससुद्धा आपण एकाच बाजूनं बघत राहतो आणि तेवढंच पुरेसं मानतो.

“हिला खळी पडते?” शेजारी बसलेल्या तिच्या आईला मी विचारलं.

“लहानपणापासून,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तुमच्याकडे आज वळली ती.”