बोटभर जागा

मन्मथअप्पा एक शब्द लिहून झाला की त्याच्यापुढे डाव्या हाताचं बोट टेकवायचे आणि बोटापलीकडून पुढचा शब्द सुरू करायचे. मोडी लिहिणारा माणूस असं कधी करत नाही. मोडीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत सुटायचं. कुठला शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं बघून घ्यावं. त्यामुळे तालुक्याच्या कचेरीत अप्पांचं बोट ही सगळ्यांची फुकटची करमणूक होती. "अप्पा, कागद काय सासऱ्यानं आंदण दिला का?" असं रोज कुणीतरी विचारायचंच. अप्पा हसत नसत आणि चिडतही नसत. "अक्षर चुकत न्हाई बाबा, जागा चुकती," एवढं म्हणून पुन्हा बोट टेकवायचे. ही सवय त्यांना जन्मापासूनची नव्हती. ती कशी लागली ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

राज्य निजामाचं, कचेरीचा कारभार उर्दूत, आणि लोकांच्या पेटीतले जुने कागद मोडीत. वारसाचा तंटा आला की अप्पा कागद मोठ्यानं वाचत आणि मी ऐकत ऐकत त्याचा उर्दू तर्जुमा लिहीत असे. मला ते मुन्शीजी म्हणायचे, मी वयानं लहान असूनही. कागद हातात घेण्याआधी ते समोरच्याला नेहमी एकच गोष्ट विचारत, "आधी मेलेली सांगा. जिती मागून पाहू." मग पणजा, आजा, चुलता अशी सगळी मेलेली मंडळी ओळीनं उभी राहायची आणि जिवंतांचं भांडण तेवढा वेळ गप्प बसायचं.

घाटनांदूरकडच्या एका टेकडीचा तंटा असाच आला. रेल्वेची सडक होणार, तिला खडी लागणार, म्हणून ठेकेदार टेकडी बघून गेला होता. तोवर त्या दगडाकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता दगड कुणाचा हे ठरायचं होतं. एका बाजूला दाजीबा, टेकडीची जमीन कसणारा. दुसऱ्या बाजूला गयाबाई, नवरा गेलेली, पदरात दोन मुली. दोघांचा पणजा एकच. दाजीबा त्याच्या लेकाचा नातू आणि गयाबाई त्याच्या लेकीची, काशीची, नात. पणज्यानं कागद करून ठेवला होता: जमीन, गवत आणि झाडं लेकाला. आणि खाली दगडाविषयी एक ओळ.

ती ओळ वाचताना अप्पा क्षणभर थांबले. कागदाची घडी नेमकी तिथंच पडली होती आणि घडीवर शाई उडाली होती. त्यांनी कागद उजेडाकडं धरला, दम घेतला आणि वाचलं, "लेकीस पाषाणाची मालकी, न करावी."

मी लिहिलं, 'मिल्कियत न दी जाए'. लिहिताना माझ्या मनात आलं, लेकीला काही द्यायचंच नव्हतं तर बापानं तिचं नाव काढलं कशाला? पण तहसीलदारसाहेब घाईत होते आणि माझी लेखणी पुढं गेली होती. मी गप्प राहिलो. दगड दाजीबाचा ठरला.

पुढं तीन-चार महिन्यांनी अप्पा जेवायला बसले होते. दारात मडकी विकणारी बाई आली आणि तिनं हाक दिली, "मालकीन हाय का घरात?" अप्पा ताटावरून उठले. हात न धुता कचेरीत आले, दप्तरातून तो कागद काढला, घडी तळहातानं सपाट केली आणि मला म्हणाले, "मुन्शीजी, ह्ये 'मालकी न' न्हाई. ह्ये 'मालकीन' हाय." लिहिणारा इकडचाच होता. बोलतो तसं त्यानं लिहिलं होतं, 'ण'चा 'न' करून. लेकीस पाषाणाची मालकीण करावी. एवढंच होतं ते.

अप्पांनी स्वतःची चूक कबूल करून दरख्वास्त दिली. अपिलाची मुदत टळली होती. शिवाय फैसला उर्दू तर्जुम्यावर झालेला, आणि उर्दूतला 'न' अगदी स्वच्छ, सुटा होता. तो माझ्या हातचा होता.

मग ते मला घेऊन टेकडीवर गेले. ऊन मी म्हणत होतं. गयाबाई दाजीबाकडं मजुरीनं खडी फोडत होती. अप्पांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"गयाबाई, माझं वाचणं चुकलं. दगड तुमचा हाय."

तिनं हातोडी खाली ठेवली नाही. "मंग ह्ये मला कावून सांगता, अप्पा? सायबाला सांगा की."

"सांगितलं. आयकत न्हाईत."

"आजी म्हणायची, डोंगर आपला हाय. मला वाटायचं, म्हातारी बरळती." आणि तिनं पुढचा दगड ओढून घेतला. परत येताना मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं, हे कळत होतं तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून ते बोट सुरू झालं.

अप्पा गेले तेव्हा मी चाकरीतून मोकळा होऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटचे दिवस आहेत असं कळल्यावर भेटायला गेलो. गळ्यात लिंग, अंगावर घोंगडी, आवाज खोल गेलेला. मला ओळखलं. मग म्हणाले, "मुन्शीजी, एक इचारू? त्या दिशी म्या वाचलं, तवा तुमाला काय वाटलं? कायतरी वाटलंच आसंल. तुमी लई हुशार."

मी म्हणालो, "तुम्ही वाचलंत तेच वाटलं, अप्पा."

त्यांनी मान हलवली. "मंग माझंच चुकलं," असं म्हणाले आणि डोळे मिटले. त्यांना त्यात बरं वाटलं असावं, कारण चेहरा सैल झाला होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

हे लिहितानाही माझं डावं बोट कागदावर आहे. शब्द सुटे पडताहेत. त्या दिवशी मला वाटलं होतं, अप्पा, आणि मी बोललो नाही.