बंडीतून आलेलं व्हायोलिन

पोस्टात पत्ता नसलेली पत्रं साचतात ना, तसे हे किस्से माझ्याकडे साचलेत. टाकून देववत नाहीत आणि पोचवायचे कुठं तेही कळत नाही. मी सिंदेवाहीला पोस्टमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि पार एटापल्लीपर्यंतचं जंगल त्याच एका जिल्ह्यात. परवा नात विचारत होती, "आबा, तुमच्या वेळी बँड असायचा का हो?" म्हटलं, असायचा की! चार माणसांचा होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा कलावंत काहीच वाजवत नव्हता! ती हसली. हसू दे.

मी पेटीवर. वामनराव फॉरेस्टच्या ऑफिसात कारकून, ते व्हायोलिनवर. महादेवभाऊ धानाचे शेतकरी, ढोलकीवर. आणि चौथे करीमचाचा. चाचा बंड्यांची चाकं बनवायचे. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. चाकांतून वेळ मिळाला की गावातली पेटी, सारंगी, तबला, जे काही मुकं झालं असेल ते बोलतं करायचे. दर रविवारी दुपारी त्यांच्या अंगणातल्या मांडवाखाली आमची बैठक बसायची.

*

वामनरावांना दुसरं व्हायोलिन हवं होतं. पहिलं पावसाळ्यात उकलायचं आणि उन्हाळ्यात तडकायचं. त्यांनी चांद्याच्या एका लाकूड ठेकेदाराला सांगून ठेवलं होतं, की कुठं गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तर आमच्यासाठी एक व्हायोलिन बघा. लहान की मोठं, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही. कुणाला सुचलं असतं?

एका सकाळी ठेकेदाराची तार आली. मीच उतरवून घेतली. "व्हायोलिन पाठवलं आहे. स्टेशनवर बंडी घेऊन या."

वामनरावांनी तार दोनदा वाचली आणि माझ्याकडेच संशयानं बघायला लागले. "मास्तर, तुमचं यंत्र बिघडलं हाय. व्हायोलिनले बंडी काऊन लागते?"

म्हटलं, "यंत्र ठणठणीत आहे. ठेकेदार बिघडला असेल!"

दुपारी नॅरोगेजची लहान गाडी आली. गार्डाच्या डब्यातून तीन हमालांनी मिळून ते धूड खाली उतरवलं. माणसापेक्षा हातभर उंच! पोटावर दोन वाकड्या फटी, चार मोठ्या खुंट्या, आणि तारा दोरीसारख्या जाड. बाकी हुबेहूब व्हायोलिन! फक्त कुणीतरी त्याला वर्षानुवर्षं भरपूर भात खाऊ घातला असावा.

आम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारली. शेवटी महादेवभाऊ हळूच म्हणाले, "वामनराव, हे हनुवटीखाली कसं धरता जी?"

आमच्यात त्याचं नाव पडलं आजा. डबल बास हे त्याचं खरं नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं. पण मी अजून आजाच म्हणतो.

*

आजा आला तेव्हा करीमचाचा लेकीच्या सासरी नागपूरला गेले होते. तेवढ्यात आम्ही शहाण्यांनी जे करायचं ते केलं.

तारा सैल पडलेल्या होत्या आणि आत काहीतरी खुळखुळत होतं. महादेवभाऊ म्हणाले, कोण्या सुताराचा तुकडा आत राहून गेला असेल. चाचांच्या मांडवाखाली चौघापाच जणांनी आजाला उलटा धरून गदागदा हलवला. फटीतून बोटभर जाडीची, वीतभर लांब, गोल काडी बाहेर पडली. आम्हाला कोण आनंद! आजाचं पोट साफ केलं म्हणून चाचीनं चहा ठेवला, आणि चुलीत सरपण कमी पडलं तेव्हा ती काडीही गेली.

मग तारा ताणल्या. छेडल्या. धानाच्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज! वामनराव म्हणाले, साहेबाला म्हणूनच विकायचं होतं हे.

चाचा आले. त्यांनी तारा उतरवल्या, फटीतून कंदील दाखवला, दाढी करायचा आरसा आत सरकवला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इथी काहीतरी उभं होतं. वरून खालून दोन्हीकडं गोल डाग हाय. कुठी गेलं?"

आम्ही तिघं मांडवाचे खांब मोजत होतो. चाचीच धीर करून म्हणाली, "त्याच्यावर तं चहा झाला."

चाचांनी आमच्याकडं एकेकाकडं पाहिलं. रागावले नाहीत. शांतपणे विचारलं, "चांगला झाला होता?"

"झाला होता," महादेवभाऊ म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही.

"होनारच. याचा जीव पेले तुमी!"

*

तो जीव परत घालायला चाचांना नऊ रविवार लागले.

आधी सागाची काडी केली. आवाज करकरीत आला. मग बांबूची केली, तो पोकळ आला. शेवटी शिवणीच्या लाकडाची केली, ज्याची आमच्याकडं ढोलकी करतात. पण ती काडी आत उभी कशी करायची? हात फटीतून जात नाही. चाचांनी छत्रीची तार वाकवली, काडीला दोरा बांधला, आरशात बघत बघत ती आत नेली, आणि काडी पडली. पुन्हा नेली, पुन्हा पडली. मी असतो तर चौथ्यांदा कुऱ्हाड घेतली असती. चाचा बिडी विझवायचे आणि नव्यानं सुरू करायचे.

नवव्या रविवारी काडी उभी राहिली. तरी चाचांचं समाधान नाही. तार छेडायची, डोळे मिटायचे, तार सैल करायची, काडी जराशी सरकवायची, पुन्हा ताणायची.

"अजून किती सरकवता चाचा?" वामनराव वैतागले.

"एक तांदूळ अलीकडं."

महादेवभाऊ धानाचे शेतकरी. ते मान खाली घालून विचारात पडले आणि म्हणाले, "कोनता तांदूळ? लुचई का चिन्नोर?"

आम्ही हसलो. लुचई जाड, चिन्नोर बारीक. पण चाचा हसले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "चिन्नोर."

चिन्नोराच्या एका दाण्याएवढी काडी सरकली आणि चाचांनी तार सोडली. काय सांगू! तो आवाज कानात आलाच नाही, आधी पोटात आला. मांडवाला टांगलेल्या करवतीची पाती थरथरली. बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते धुळीवर ढकललं. मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पोस्टमास्तर होतो म्हणून नाही पडलो, आणि त्याची अजून लाज वाटते.

त्या दिवसापासून महादेवभाऊंनी ढोलकी खुंटीला लावली. नांगर धरणाऱ्या त्या बोटांशिवाय आजाच्या तारा दुसऱ्या कुणाला दबत नव्हत्या.

*

पुढं सगळ्यात जाड तार तुटली. तशी तार चांद्याला नाही, नागपूरला नाही. वामनराव विलायतेला पत्र टाकायला निघाले होते.

चाचा म्हणाले, "थांबा जी. विलायत आपल्या घरीच हाय." त्यांचा साळा पिंजारी. कापूस पिंजायच्या धनुष्याला आतड्याची तात असते, तीच तीन पदरी पिळून, तेल पाजून, आठ दिवस दगड बांधून चाचांनी टांगून ठेवली.

तार चढवायच्या दिवशी साळा मुद्दाम बघायला आला. खांद्यावर धनुष्य तसंच. महादेवभाऊंनी तार छेडली आणि तो मटकन खाली बसला. आपल्या धनुष्याकडं बघत राहिला, मग हळूच त्याच्या तातेवरून हात फिरवला. "चाळीस वर्सं हिले ठोकून राह्यलो," तो म्हणाला, "आन् हे हिच्या आत होतं!"

*

आमच्या आवडीनिवडी म्हणाल तर चार तोंडं चार दिशांना. वामनरावांना नाट्यपदं सोडून बाकी सगळा गोंगाट वाटायचा. महादेवभाऊंना दंडारीच्या खेळातली गाणी आणि भजन. चाचांना कव्वाली. मी चोरून सिनेमातली गाणी बसवायचो आणि वामनरावांना ती जुनी पदं म्हणून ऐकवायचो. ते माना डोलवायचे!

एकदा एटापल्लीकडचा लालसूभाऊ वामनरावांच्या ऑफिसच्या कामाला आला होता. माडिया माणूस, तिकडं सूरजागडच्या डोंगराखाली त्याचं गाव. आमची मराठी त्याला थोडी यायची. त्याला बसवून घेतलं आणि आळीपाळीनं सगळं ऐकवलं. म्हटलं, आज निकाल लागू दे! पद झालं, भजन झालं, कव्वाली झाली. मी घाम गाळून एक सिनेमाचं गाणंही वाजवलं.

"कोनतं चांगलं?" वामनरावांनी विचारलं.

लालसूभाऊ उठला, आजाजवळ गेला आणि जाड तारेकडं बोट दाखवलं. महादेवभाऊंनी ती एकदा छेडली. आवाज संपेपर्यंत तो थांबला आणि पुन्हा बोट दाखवलं. असं अर्धा तास चाललं. एकच तार, एकच सूर! पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडं बघून हसत होतो. नंतर हसायचं राहूनच गेलं.

जाताना लालसूभाऊ दारात थांबला. "गानं हे हाय," तो म्हणाला. "बाकीचं तुमी बोलून राह्यले होते."

*

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना मी दरवेळी जरा थांबतो.

शेजारच्या गावी गोपाळकाल्याला दुपारी आमचं भजन होतं. नेहमीप्रमाणे चाचांनी आजाच्या तारा लावून दिल्या. भजन सुरू झालं आणि तिसरी तार चांगलीच उतरलेली निघाली. सगळा ताल-सूर फिसकटला. वामनराव भर गर्दीत ओरडले, "चाचा, कान घरी ठेवून आले का जी?"

लोक हसले. चाचाही हसले. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

पुढच्या रविवारी चाचांच्या फाटकाला आतून कडी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीची एक बंडी वामनरावांच्या दारात येऊन उभी राहिली. बंडीत आजा, आणि फडक्यात बांधलेली चाचांची सगळी बारीक हत्यारं, आरशासकट. निरोप काहीच नाही.

चाची पोस्टात आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, त्याइले ऐकू येत नाई. उन्हाळ्यापासून कमी होत होतं, आता काईच नाई. तुमच्या ओठावरून समजून घेत होते. चाकाले कान लागत नाई म्हनतात, आता चाकंच बनवीन." मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "जेवत नाई जी रविवारी."

मी वामनरावांना सांगितलं तेव्हा तो माणूस ऑफिसातल्या खुर्चीवरून उठलाच नाही. दिवा लावायची वेळ झाली तरी तसाच बसून होता. चाचा परत आले नाहीत तर मी व्हायोलिनला हात लावणार नाही, म्हणाला. आणि बैठक मोडणार हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

रविवारी दुपारी आम्ही आजाला बंडीत घातला आणि चाचांकडं गेलो. चाचीनं कडी काढली. चाचा अंगणाच्या टोकाला ओंडक्यावर बसून चाकाचा आरा तासत होते, पाय उघडे, जमिनीवर टेकलेले. आम्हाला पाहिलं. वामनराव समोर जाऊन हात जोडून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

चाचांनी त्यांच्याकडं बघून घेतलं. "तुमी खोटं नाई बोलले वामनराव," ते म्हणाले. "बहिऱ्यानं सुराच्या कामाले बसू नाई." आणि ओंडक्यावर फिरून, आमच्याकडं पाठ करून ते पुन्हा आरा तासायला लागले.

वामनराव तिथंच मातीत बसले.

महादेवभाऊंनी मांडवाखाली आजा उभा केला. नेहमीसारखे मागं उभे राहिले, तारेवर बोटं ठेवली, आणि तसेच थांबले. गालांवरून पाणी वाहत होतं. "मास्तर," ते मला म्हणाले, "माझ्यानं नाई होत. तुमी वाजवा."

मी! उभ्या जन्मात कधी आजाच्या तारेला बोट लावलं नव्हतं. पण बंडी जोडून परत फिरायचीही ताकद नव्हती. महादेवभाऊ बाजूला झाले आणि मी आजाला धरलं. आमच्यात आणि चाचांत चांगलं दहा पावलांचं अंतर. त्यांची पाठ आमच्याकडं. तासायची वाकस लाकडावर चालूच होती.

मी जाड तार छेडली. एकदा. मग पुन्हा एकदा, होती नव्हती तेवढी ताकद लावून.

वाकस थांबली.

चाचांनी मागं वळून पाहिलं नाही. पायाखालच्या मातीकडं बघत राहिले. मग म्हणाले,

"मास्तर, तुमी आपली पेटीच वाजवा जी. महादेवाले द्या तो."